गाश्शो-झुकुरी : जपानच्या डोंगरातली गवताची छपरं आणि ती शाकारणारे हात

चांदणवेल (धागाकर्ती)

नागोयात राहायला लागून सहा वर्षं झाली. गिफू प्रांताच्या डोंगरातल्या शिराकावा-गोला याआधी तीनदा जाऊन आले होते. दरवेळी तेच. सकाळची बस, टेकडीवरून तिथल्या ओगिमाची गावाचा फोटो, दोन घरं आतून बघायची आणि संध्याकाळच्या बसने परत. यंदा फेब्रुवारीत पहिल्यांदाच शोगावा नदीच्या खालच्या अंगाला, तोयामा प्रांतातल्या गोकायामात गेले आणि आइनोकुरा वस्तीतल्या एका घरात रात्रभर राहिले. त्या रात्रीनंतर हा धागा काढल्याशिवाय राहवेना.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी सांगते. 'गाश्शो' म्हणजे प्रार्थनेसाठी जोडलेले हात, आपला नमस्कारच. 'झुकुरी' म्हणजे बांधणी. छपराची दोन्ही पाखी साठ अंशांच्या आसपास उभी असतात, त्यामुळे समोरून बघितलं की घरानेच हात जोडलेत असं वाटतं. गिफू प्रांतातलं ओगिमाची आणि तोयामातल्या आइनोकुरा व सुगानुमा या तीन वस्त्या १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. तेव्हा ओगिमाचीत अशी ५९ घरं होती, आइनोकुरात २० आणि सुगानुमात फक्त ९.

मी उतरले होते त्या घरात मधोमध इरोरी होती. जमिनीतच चौकोनी खड्डा करून केलेली उघडी चूल. वर आढ्यापासून लोंबणाऱ्या आकड्याला किटली, आणि तिच्याही वर एक मोठी लाकडी चौकट टांगलेली. तिला 'हिआमा' म्हणतात. ठिणगी वर उडून गवतापर्यंत जाऊ नये आणि ऊब खोलीत पसरावी म्हणून ती असते. घरच्या आजी पहाटे उठून सगळ्यात आधी विस्तव पेटवतात. थंडी आहे म्हणून पेटवत असतील असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यातही पेटवावाच लागतो, तो माणसांसाठी नसतो, छपरासाठी असतो. धूर माळ्याच्या फटींतून वर जातो, गवतात मुरतो, ओल धरू देत नाही, किडे बसू देत नाही. वासे बांधलेल्या दोऱ्यांवर काजळीचा थर चढतो आणि त्या टणक होतात. वरच्या माळ्यावर जाऊन मी एका दोरीला हात लावला. शिंगासारखी कडक आणि काळी कुळकुळीत होती.

घर जपायचं म्हणजे त्यात माणसं राहायला हवीत आणि रोज चूल पेटायला हवी. कुलूप लावून ठेवलेलं घर किती दुरुस्त केलं तरी आतून सडत जातं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ती दोरी हातात धरेपर्यंत कळलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी गेलं असेल, या घरांबद्दल काही ठाऊक असेल, तर जरूर लिहा. एवढं मोठं घर एकही खिळा न मारता कसं उभं राहतं, हे तर मला कोणीतरी नीट समजावून सांगाच.

सह्यवेडा

ताई, फार सुंदर लिहिलंय. छपर किती वर्षं टिकतं? आणि एवढं गवत येतं कुठून?

कडीपाट

मी बांधकामातला माणूस. २०१७ साली ओगिमाचीत तीन दिवस होतो, ते केवळ या घरांचे सांधे बघायला.

आधी एक छोटी दुरुस्ती. 'एकही खिळा नाही' हे वरच्या छपराबद्दल म्हणतात. या घराचे दोन भाग समजा. खालचा मजला म्हणजे खांब, तुळया, भिंती. हे काम सुताराचं, कुसू आणि खाचा पाडून केलेलं, अगदी कसबी. त्याच्यावर जे प्रचंड त्रिकोणी छपर बसतं ते सुताराचं नव्हेच, ते गावकऱ्यांनी स्वतः उभं करायचं. म्हणून तिथे गावकऱ्यांना जमेल अशीच बांधणी आहे, सगळं बांधून घेतलेलं. भाताच्या पेंढ्याचे दोर आणि 'नेसो'. नेसो म्हणजे मान्साकु नावाच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्या. ओल्या असताना पिळून नरम करतात आणि गाठ मारतात. सुकल्या की आवळत जातात, त्यामुळे गाठ दिवसेंदिवस घट्टच होते.

मला सगळ्यात जास्त भावला तो वाशांचा पाया. छपराचे मोठे वासे खाली टोकदार तासलेले असतात आणि तुळईच्या टोकाला असलेल्या खळग्यात नुसते टेकवलेले असतात. त्या टोकाला 'कोमाजिरी' म्हणतात. 'कोमा' म्हणजे भोवरा. भोवऱ्याची आर डोळ्यांसमोर आणा, तसंच ते दिसतं. तिथे घट्ट सांधा नाही. वारा आला, भूकंप झाला की छपर थोडं डोलतं आणि परत जागेवर येतं. दोरांच्या गाठीही थोडं देतात, थोडं घेतात. आम्ही कॉलेजात सांधा जितका पक्का तितकं चांगलं असं शिकलो. तिथे उभं राहून बराच वेळ त्या टोकाकडे बघत होतो.

दुसरी गोष्ट वाकड्या तुळयांची, 'चोन्नाबारी'. डोंगरउतारावरची झाडं लहान असताना बर्फाच्या ओझ्याखाली बुंध्यापाशी वाकतात आणि मग सरळ वर वाढतात. वाकसाच्या दांड्यासारखा आकार होतो. दुसरीकडे असं लाकूड जळणात गेलं असतं. इथे ते मुद्दाम निवडून आणतात, कारण त्या बाकामुळे वरचं ओझं बाहेरच्या खांबावर बरोबर उतरतं. बर्फाने वाकवलेलं झाड, आणि तेच पुढे घरावरचं बर्फ पेलतं.

घरांची दिशाही बघा. ओगिमाचीत जवळजवळ सगळ्या घरांचं आढं उत्तर-दक्षिण, नदीच्या खोऱ्याला समांतर. खोऱ्यातून येणाऱ्या वाऱ्याला घराची अरुंद बाजू भिडते, आणि दोन्ही पाख्यांना सकाळ-संध्याकाळ सारखं ऊन मिळून गवत वाळतं. जर्मन वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट १९३५ साली इथे येऊन गेले आणि त्यांनी या घरांमागचा तर्क जगासमोर मांडला. तोवर खुद्द जपानमध्येही शहरातल्या लोकांना ही घरं म्हणजे मागासलेला डोंगरी भाग एवढंच वाटायचं.

चांदणवेल

कडीपाट, मनापासून आभार. 'कोमा म्हणजे भोवरा' हे वाचून पुन्हा जावंसं वाटतंय. मी ती टोकं पाहिली होती, पण नुसती पाहिली होती.

सह्यवेडा, पूर्वी एकदा शाकारलं की तीस-चाळीस वर्षं बघावं लागत नसे. आता वीस वर्षांतही काढावं लागतं, कारण बऱ्याच घरांत रोजचा विस्तव राहिला नाही. गॅस आला, वीज आली, धूर कमी झाला. गवताबद्दल कोणी तोयामाकर सांगेल तर बरं, इथे एकजण आहेत असं आठवतंय.

हिमगंध

आहे, आहे. बारा वर्षं तोयामात. दर शरद ऋतूत एक दिवस तरी गवत कापायला स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून थोडं सांगू शकते.

छपराच्या गवताला सरसकट 'काया' म्हणतात. त्यात मुख्य दोन. एक सुसुकी, म्हणजे ते उंच, पांढऱ्या तुऱ्यांचं गवत, आणि दुसरं कारियासु. गोकायामात कारियासुला जास्त मान. काडी बारीक, पोकळ आणि पाणी चटकन निथळून देणारी. गवतासाठी डोंगरावर राखीव कुरण असतं, त्याला 'कायाबा' म्हणतात. पहिलं बर्फ पडायच्या आत, गवत पिवळं होऊन वाळलं की कापायचं. विळ्याने कापून पेंढ्या बांधायच्या आणि उभ्या रचून ठेवायच्या. दिवसभरात पाठीचा काटा ढिला होतो आणि संध्याकाळी रचलेला ढीग बघावा तर वाटतं, हे छपराच्या एका कोपऱ्यालाही पुरणार नाही. तिथले म्हातारे मात्र न बोलता एका लयीत कापत राहतात.

छपराची जाडी दोन फुटांच्या वर असते. तेव्हा लागणारं गवत कुठल्याही एका घराला एका वर्षात कापून होणं शक्यच नाही. इथेच 'युई' येते. एकमेकांच्या कामाला जायचं, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, आज तुमच्या छपरावर मी, उद्या माझ्या छपरावर तुम्ही. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. फक्त नांगरणीची इर्जिक एका दिवसात फिटते, छपराची फिटायला पिढी जाते. त्यामुळे ते लिहून ठेवायची पद्धत होती. घराघरात 'युई-चो' म्हणजे युईची वही. कोणी किती पेंढ्या आणल्या, किती दोर, किती माणसं किती दिवस आली. आपल्या आजोबांच्या छपरावर कोण आलं होतं ते वहीत बघून नातू त्यांच्या नातवाच्या छपरावर जायचा.

मोठं छपर चढवायचं तर शेकडो माणसं लागतात. ओगिमाचीतलं नागासे घर पाच मजली आहे. ते २००१ साली युईने शाकारलं तेव्हा पाचशेच्या आसपास माणसं लागली होती. त्या दिवसाचे फोटो बघा, छपरावर मुंग्यांसारखी माणसं ओळीने चढलेली. एक बाहेरून बांबूची मोठी सुई गवतात खुपसतो, आत माळ्यावर बसलेला तिच्यातला दोर वाशाभोवती घेऊन परत बाहेर देतो. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. नुसत्या हाकेवर चालतं.

आता पुष्कळशी कामं पगारी कारागीर करतात आणि खर्चाला सरकारी अनुदान असतं. २०२० साली जपानच्या लाकडी वास्तू जपण्याच्या पारंपरिक कौशल्यांना युनेस्कोच्या अमूर्त वारशात जागा मिळाली, त्यात गवताची छपरं घालण्याची कलाही आहे. तरी युई संपलेली नाही. कमी झाली आहे.

शिलाहार

या घरांचा बारूदीशी संबंध आहे हे इथे कितीजणांना माहीत आहे? मी इतिहासाच्या नादाने यात शिरलो.

गोकायामात भातशेतीला सपाट जमीन फारशी नाही. मग हे लोक जगायचे कशावर? रेशीम, हातकागद आणि सोरा. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. जपानात नैसर्गिक सोरा जवळपास नाहीच, म्हणून तो तयार करायचा, आणि तयार व्हायचा तो याच घरांच्या जमिनीखाली. इरोरीच्या जवळ खोल खड्डा घ्यायचा. त्यात कोरडी माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि दवण्याच्या जातीचं 'योमोगी' वगैरे गवत असे थर द्यायचे. चुलीची ऊब वर्षभर खालपर्यंत पोचते. दरवर्षी उकरून खालीवर करायचं, परत थर द्यायचे. चार-पाच वर्षांनी ती माती काढून पाण्यात विरघळवायची, गाळायची, राख घालून उकळायची, आटवायची. तळाशी स्फटिक बसतात.

माळ्यावर रेशीमकिडे, त्यांची विष्ठा तळघरात, मधे एकच चूल दोघांना ऊब देणारी. आणि त्याच चुलीचा धूर छपर राखणारा!

सोळाव्या शतकात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाविरुद्ध लढणाऱ्या होंगान्जी या बौद्ध मठाला इथला सोरा जायचा असं परंपरा सांगते. पुढे एदो काळात (सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत) कागाचे माएदा सरदार हा सोरा विकत घ्यायचे. हा मुलूख इतका दुर्गम की गुपित सहज राहायचं. गोकायामातलं इवासे घर, या बांधणीतलं सर्वात मोठ्या घरांपैकी एक, सोऱ्याचा कारभार बघणाऱ्याचंच होतं. ते बांधायला आठ वर्षं लागली म्हणतात. त्यानंतरच्या मेइजी काळात परदेशी सोरा स्वस्तात येऊ लागला आणि हा धंदा बसला.

हिमगंध

शिलाहार, फार छान. रेशमाचं थोडं पुढे नेते. छपर एवढं उंच का, याला बर्फ हे अर्धंच उत्तर आहे. बर्फ घसरायला उभा उतार लागतो हे खरं. पण आत तीन-तीन, चार-चार मजले काढलेत ते किड्यांना जागा हवी म्हणून. वरच्या मजल्यांची जमीन फटी ठेवून केलेली, म्हणजे चुलीची ऊब वर पोचावी. आणि घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत कागदी खिडक्या, उजेड आणि वारा खेळावा म्हणून. क्योतोजवळच्या मियामाला गवताची घरं आहेत, त्यांच्या छपरांना चारी बाजूंनी उतार असतो. इथे दोनच बाजूंना, कारण उरलेल्या दोन भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या हव्यात.

दूरदेशी

सगळं वाचतोय, आवडतंय. पण मनात आलेलं स्पष्ट लिहितो. मी गेल्या वर्षी ओगिमाचीला गेलो आणि जरा खट्टू होऊन परतलो. गर्दी, आइस्क्रीमची दुकानं, लोक दुसऱ्यांच्या अंगणात शिरून फोटो काढतायत. दीड-दोन हजार वस्तीच्या शिराकावात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं. हे गाव आता खरंच गाव आहे का? की पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं काहीतरी?

चांदणवेल

दूरदेशी, तुमची खंत मला पूर्ण पटते. मीही त्या गर्दीतलीच एक होते. पण हे गाव टिकलं कसं ते बघा, मग कदाचित वेगळं वाटेल.

युद्धानंतर या खोऱ्यात धरणं आली. वरच्या अंगाचं मिबोरो धरण १९६१ साली पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याखाली वस्त्या गेल्या. तिथली चारशे वर्षांहून जुनी साकुराची दोन झाडं मुळासकट उचलून डोंगरावर नेऊन लावली, ती अजून फुलतात. घरंही उचलली गेली. योकोहामाच्या सानकेइएन बागेत यानोहारा घर आहे, ते या धरणापायीच तिकडे गेलं. ज्या वस्त्या बुडाल्या नाहीत त्यांतल्या काही बर्फाला आणि एकटेपणाला कंटाळून उठल्या. शिराकावातली काझुरा वस्ती १९६७ साली सगळीच्या सगळी एकदम गाव सोडून गेली. उरलेली घरं विकली जात होती. कोणी शहरात हॉटेल म्हणून नेई, कोणी उपाहारगृह म्हणून.

अशा वेळी, १९७१ साली, ओगिमाचीच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलं : विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तेव्हा युनेस्कोचा शिक्का नव्हता, द्रुतगती मार्ग नव्हता, पर्यटक मूठभर. सरकारने संरक्षित वस्ती म्हणून नोंद केली तीही १९७६ साली, म्हणजे पाच वर्षांनी. रेशीम गेलं होतं, सोरा तर कधीच गेला होता. घर विकून शहरात फ्लॅट घेणं सोपं होतं. ते त्यांनी केलं नाही. आज पाहुण्यांना जेवू-राहू घालून ते छपर राखतात. पूर्वी रेशमाने छपर राखलं, आता आपण दिलेले पैसे राखतात. मला यात कमीपणा दिसत नाही. अंगणात शिरणाऱ्यांचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं, त्याची मला लाज वाटते. निदान आपण मराठी माणसांनी तरी तिथे जाऊन दारं ढकलू नयेत, सिगारेट तर अजिबात पेटवू नये.

आगीची त्यांना किती धास्ती असते! गावकरी पाळीपाळीने गस्त घालतात. आणि शरदात एक दिवस गावातल्या सगळ्या पाण्याच्या तोफा एकदम सुरू करून तपासतात, ओगिमाचीत अशा ५९ आहेत. आख्खं गाव पाण्याच्या पडद्याआड जातं. लोक तो देखावा म्हणून बघायला येतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वाहनतळाजवळच्या एका छपराला खरोखर आग लागली, तेव्हा त्या तोफा सुरू झाल्या आणि आग मुख्य वस्तीत पसरली नाही.

दूरदेशी

१९७१ चं माहीत नव्हतं. ते वाचून शब्द मागे घेतो. पुढच्या वेळी राहायलाच जाईन.

सह्यवेडा

राहायचं तर कधी जावं? आणि कसं? आईबाबांना न्यायचंय, दोघंही सत्तरीच्या पुढे.

चांदणवेल

आईबाबांसाठी ऑक्टोबर. बर्फात त्यांना चालणं जड जाईल, काही वेळा दोन-दोन मीटर साठतं. ऑक्टोबरच्या मध्यावर शिराकावा-गोत दोबुरोकु उत्सव असतो, देवळात गढूळ तांदळाची दारू प्रसाद म्हणून देतात, सिंहनाच असतो. ताकायामाहून बसने तासाच्या आत पोचता, कानाझावाहून सव्वा तास धरा. गोकायामाला जायचं तर तोयामा प्रांतातल्या ताकाओकाहून बस आहे. हिवाळ्यातल्या दिव्यांच्या रात्री बघायच्या तर आधी नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही.

आइनोकुराला गेलात तर वस्तीच्या मागच्या चढावरचं जंगल नक्की दाखवा. हिमकडा कोसळून घरांवर येऊ नये म्हणून ते पिढ्यान् पिढ्या राखलंय, त्याला कुऱ्हाड लावायची नाही असा जुना नियम आहे. मी सकाळी त्याच्या कडेने चालले. खाली वीस छपरं आणि काहींतून गवताच्या फटींमधून धूर झिरपत होता. धुरांडं एकालाही नाही. आख्खं छपरच श्वास घेतं.

पाखाडी

मी सहसा फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

आमचं घर दापोलीकडे. माझ्या लहानपणापर्यंत गोठा आणि मागची पडवी गवताने शाकारलेली होती. मृगाच्या आधी वाडीतली माणसं पाळीने एकेकाकडे जायची. सुंभ, गवत, पेंढा, वर दोघे, खाली देणारे चारजण. जेवण त्या घरचं. मग एका वर्षी गवताच्या जागी मातीचे नळे चढले आणि पुढे पत्रा आला.

हिमगंध यांनी युईच्या वहीचं लिहिलं, ते काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती ब्याऐंशीची आहे. म्हणाली, आपल्याकडे वही कुठली, डोक्यातच असायचं. मी म्हटलं, आठवतंय का कोण कोण यायचं? तिने डोळे मिटले आणि वाडीच्या वरच्या टोकापासून एकेक घर सांगत खाली आली. कोणाकडून दोन माणसं, कोणाकडून एक, कोण गवताचे भारे आणायचं, कोण नुसता दोर वळायला बसायचा. आठव्या घरापाशी थांबली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांच्याकडे आपला एक माणूस जायचा राहिला, त्या वर्षी आपण नळे घातले ना.